उंदरांच्या गोळ्या चालू होत्या

एम.फार्म.च्या पहिल्या वर्षी माझ्याकडं प्रबंधाला विषय नव्हता. पुण्यातल्या कॉलेजात माझ्याबरोबरच्या सगळ्यांनी मलमं, गोळ्यांवरचे थर असले विषय घेऊन टाकले होते. माझे मार्गदर्शक सर मला भेटले की एकच विचारायचे, तुमच्या भागात काय मिळतं? मला राग यायचा. मी इंदापूर तालुक्यातल्या कळसची, मेंढरं राखणाऱ्या घराण्यातली पहिली शिकलेली मुलगी, आणि इतकं शिकून पुण्यात आल्यावरही मला माझ्या भागाबद्दलच विचारलं जात होतं. शेवटी एकदा मी वैतागून म्हणाले, आमच्याकडं माझी आत्या काविळीचं औषध देते. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला बसायला सांगितलं. त्याआधी त्यांनी मला कधी बसायला सांगितलं नव्हतं.

आत्या शेळगावात दिलेली. तिच्या नवऱ्याला आमच्याकडच्या रीतीनं आम्ही मामा म्हणायचो. मामांची मेंढरं विकून बरीच वर्षं झाली होती. पाटाचं पाणी आल्यावर त्यांनी थोडी वांगी-टोमॅटो लावायला सुरुवात केली आणि जुना टेम्पो घेऊन ते आसपासच्या लोकांचा माल बारामतीच्या बाजारात न्यायचे. उंच, कमी बोलणारा माणूस. आत्या मात्र बोलकी. दर रविवारी आणि बुधवारी सकाळी तिच्या दारात पिवळ्या डोळ्यांची माणसं येऊन बसायची. ती डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची, नखं बघायची, आणि मूळ ठेचून ताकातून द्यायची. वर पथ्य सांगायची. तेल नाही, तिखट नाही, उन्हात फिरायचं नाही. औषध तिला तिच्या सासूनं दिलेलं, आणि कुणाकडून काही घ्यायचं नाही ही अटही सासूचीच.

झाड कोणतं हे ती कुणाला सांगत नसे. मला सांगितलं. शेळगावाबाहेरच्या माळावर घेऊन गेली आणि गुडघ्याएवढ्या, जांभळट फुलांच्या एका झुडपापुढं बसली. आमच्याकडं तिला उन्हाळी म्हणतात, पुस्तकात शरपुंखा. तिनं एक पान तोडलं आणि टोकाला धरून ओढलं. पान आडवं फाटण्याऐवजी बाणाच्या पिसासारखं तिरकं फाटलं. "असं फाटलं तरच ती," आत्या म्हणाली. "न्हायतर कायबी उपटून न्हेशील." मी दोन पोती मुळं खणून नेली. सासूची अट मोडते असं तिला वाटत होतं का, हे मी विचारलं नाही. आपली भाची पुण्यात हे औषध मोठ्या यंत्रात घालून बघणार, याचा तिला आनंद होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ते सांगत होती.

सरांनी प्रयोग आखून दिला. टीबीच्या गोळ्या जास्त झाल्या, किंवा एखाद्याला सोसल्या नाहीत, की लिव्हर सुजतं आणि कावीळ होते. औषधानं होणारी कावीळ. ती झाडाच्या अर्कानं अडवता येते का, हे बघायचं. पांढऱ्या उंदरांचे गट केले. काहींना नुसत्या टीबीच्या गोळ्या, पाण्यात कालवून, टोकाला बारीक मणी असलेल्या बोथट वाकड्या सुईनं तोंडातून थेट पोटात. काहींना गोळ्या आणि उन्हाळीच्या मुळाचा अर्क. हा अर्क पहिल्या दिवसापासून, गोळ्यांच्या तासभर आधी द्यायचा. सुरुवातीला उंदीर बोटाला चावायचे. नंतर सवय झाली. शेवटच्या दिवशी आम्ही लिव्हरं काढली. नुसत्या गोळ्यांच्या गटातली फिकट, ठिपक्याठिपक्यांची, बोट लावलं की चुरगळतील अशी. अर्क मिळालेल्यांची बरीचशी तांबूस, गुळगुळीत. रक्ताच्या तपासण्याही तेच सांगत होत्या. सर दुसऱ्या विभागातल्या लोकांना बोलावून ट्रे दाखवत होते.

त्या दिवाळीला गावाकडं गेले ती थेट आधी शेळगावला. आत्या अंगणात होती, मामा टेम्पोच्या चाकाशी काहीतरी करत होते. मी तिला सगळं सांगितलं, म्हणजे मला जे सांगायचं होतं ते. तुझं औषध खरं ठरलं, आत्या. टीबीच्या गोळ्यांनी उंदरांची लिव्हरं सडली, पण ज्यांना तुझं औषध दिलं त्यांना काही झालं नाही.

आत्यानं नेमका प्रश्न विचारला. ती शाळेत गेली नव्हती, पण तिच्याएवढा नेमका प्रश्न आमच्या विभागात कुणी विचारला नसता.

"मंग गोळ्या बंद केल्या हुत्या का उंदरांच्या?"

"न्हाय, आत्या. गोळ्या चालूच हुत्या."

"चालू ठिवून बी वाचली?"

"व्हय."

तिनं मामांकडं बघितलं. मामा हसले. अर्क आधीपासून दिला होता, लिव्हर बिघडल्यावर नाही, हे मी सांगितलं नाही. लपवायचं होतं असं नाही. त्या अंगणात, दिवाळीच्या सकाळी, तो फरक मला बारीकसा वाटला.

तो बारीक नव्हता हे मला दिवाळीनंतर महिन्याभरात कळलं. सरांच्या सांगण्यावरून मी आणखी सहा उंदीर घेतले. त्यांना आधी नुसत्या गोळ्या दिल्या, लिव्हर बिघडल्याची खूण रक्तात दिसली तेव्हा अर्क सुरू केला आणि गोळ्या चालू ठेवल्या. काहीही फरक पडला नाही. दोन उंदीर प्रयोग संपायच्या आधीच मेले. सर वही उघडून बघत राहिले आणि म्हणाले, हे आपण पुढच्या विद्यार्थ्यासाठी ठेवू, प्रबंधात घोळ नको. मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा सोयीचं वाटलं. त्या सहा उंदरांचा माझ्या प्रबंधात उल्लेख नाही.

मामांना खोकला बहुतेक त्याच हिवाळ्यात लागला. धुळीचा असेल म्हणून त्यांनी तो दोन-तीन महिने काढला. मग वजन उतरलं, संध्याकाळी ताप यायला लागला, तेव्हा आत्याच्या मुलानं त्यांना बारामतीला नेलं. हा मुलगा माझ्याहून मोठा, कारखान्यात कामाला, मी त्याला दादा म्हणते. छातीच्या फोटोत टीबी निघाला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि दोन गोष्टी बजावल्या. काही झालं तरी गोळ्या मधे सोडायच्या नाहीत. आणि लाल कॅप्सूलमुळं लघवी लाल होईल, तिला घाबरायचं नाही. डोळे पिवळे झाले तर काय करायचं, हे सांगितलं नाही. दादा आजही शपथेवर सांगतो की सांगितलं नाही, आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मामांचं जेवण तुटलं. उलट्या सुरू झाल्या. लघवी अगदी गडद झाली, पण ती होणारच होती, डॉक्टरच म्हणाले होते, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग एका सकाळी आत्यानं त्यांची पापणी ओढून बघितली. सबंध गावाच्या पापण्या बघणाऱ्या बाईनं नवऱ्याची पापणी इतक्या उशिरा का बघितली, असं नंतर लोक म्हणाले. मी कधी म्हणाले नाही. घरातल्या माणसाकडं कोण रोज तसं बघतं?

ती अजिबात घाबरली नाही. हे मला दादानं नंतर सांगितलं आणि ते ऐकणं सगळ्यांत जड गेलं. ती म्हणाली, ह्याचं औषध आपल्या घरात हाय. गोळ्या सोडायच्या नाहीत असं डॉक्टर म्हणतो, आणि गोळ्या चालू ठेवून उंदरं वाचली असं भाची म्हणते. दोन्ही शिकलेली माणसं एकच सांगत होती. तिनं उन्हाळी ठेचली, सकाळ-संध्याकाळ ताकातून सुरू केली, आणि रोज स्वतःच्या हातानं त्या गोळ्याही मामांच्या तळहातावर ठेवत राहिली. मामांना गोळ्या गिळवत नव्हत्या. आत्या पाठीवरून हात फिरवायची आणि गिळायला लावायची.

पाचव्या दिवशी सकाळी दादाचा होस्टेलवर फोन आला. मी टाइप करायचे कागद घेऊन बाहेर पडत होते. रेक्टरबाईंच्या खोलीत उभं राहून मी ते सगळं ऐकलं. कावीळ झाली आहे, उलट्या थांबत नाहीत, आई मूळ देते आहे, गोळ्या चालू आहेत. आणि आईनं विचारायला सांगितलं आहे, उंदराला किती देत होतीस, त्या हिशेबानं माणसाला किती बसतं.

मी कागदाच्या मागं आकडेमोड केली. उंदराचं वजन, माणसाचं वजन. आणि दादाला सांगितलं, मूळ इतकं घ्या, इतक्या पाण्यात उकळा. सांगताना मला मी उपयोगी पडते आहे असं वाटत होतं. त्यानंतर मी म्हणाले, डॉक्टरांना पण दाखवून घ्या. 'पण' हा शब्द मी वापरला होता, तो मला नीट आठवतो. गोळ्या आत्ताच्या आत्ता थांबवा, असं मी म्हणाले नाही. टीबीच्या गोळ्या थांबवायच्या नसतात हे मलाही शिकवलेलं होतं, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. गोळ्या थांबवा म्हणायचं तर या औषधाचा आता उपयोग होणार नाही हेही सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचं तर त्या सहा उंदरांबद्दल सांगावं लागलं असतं. हे सगळं मी फोनवर विचार करून ठरवलं असं नाही. पण मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही.

डॉक्टरांना दाखवायला ते आणखी चार दिवसांनी गेले. नवा डोस लागू पडतो का ते बघत होते. मामा असंबद्ध बोलायला लागले तेव्हा दादानं त्यांना टेम्पोत घातलं आणि बारामतीला दवाखान्यात आणलं. मी दुपारच्या एसटीनं पोचले. मामा खाटेवर पडून हात हलवत होते. अंग हळदीसारखं झालं होतं. ते मला ओळखत नव्हते. मेंढरांभोवती लावायच्या जाळीला आमच्यात वाघूर म्हणतात. ते एकसारखं तेच विचारत होते, वाघूर लावली का, वाघूर लावली का. विकलेल्या मेंढरांची काळजी करत होते. आत्या दर वेळी शांतपणे सांगत होती, लावली, निजा तुमी.

गोळ्या लिहून देणारेच डॉक्टर आले, केसपेपर बघितला आणि आवाज न चढवता विचारलं की डोळे पिवळे झाल्यावर गोळ्या कुणी चालू ठेवल्या.

"मी," आत्या म्हणाली. मग माझ्याकडं हात केला. "ही म्हणाली, उंदरांच्या गोळ्या चालू हुत्या."

डॉक्टरांना अर्थ कळला नाही. त्यांनी मला मी काय करते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, मग तुम्हाला तरी कळायला हवं होतं. मला त्यांचा संताप आला. मी विचारलं, गोळ्या देताना डोळ्यांचं सांगितलं होतं का तुम्ही? त्यांनी दाराकडं बोट केलं. बाहेर रांग होती, बाकड्यांवर, जिन्यात, जमिनीवर. "किती जणांना काय काय सांगायचं," ते म्हणाले. त्यांना जे सांगायचं राहिलं ते घाईत राहिलं होतं. माझ्याकडं तेवढंही निमित्त नव्हतं.

पुण्याला हलवायचं ठरलं होतं, पण त्याआधीच मामा बेशुद्ध झाले. चौथ्या दिवशी गेले.

दहाव्यापर्यंत मी शेळगावात होते. आत्या रडली नाही असं नाही, पण माझ्यासमोर रडली नाही. मी तिच्याजवळ बसले की उठून कामाला लागायची. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. आधी दिलेला अर्क, नंतरचे सहा उंदीर, मेलेले दोन, वही. ती चुलीपुढं बसली होती. भाकऱ्या थापत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "म्हंजे दिवाळीत तुला ठावं न्हवतं."

"न्हवतं."

"आन् फोन केला तवा?"

मी चुलीतल्या जाळाकडं बघितलं. तिनं भाकरी तव्यावरून काढली, मला वाढली आणि म्हणाली, "खाऊन घे. एसटी जाईल." त्यानंतर काही वर्षं ती माझ्याशी बोलली नाही.

प्रबंधाची तोंडी परीक्षा त्यानंतर दीड महिन्यानं झाली. मी ती द्यायला नको होती असं आता वाटतं, पण तेव्हा दिली. बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे, सौम्य होते. काम आवडलं म्हणाले. शेवटी त्यांनी विचारलं, लिव्हर बिघडल्यानंतर अर्क देऊन बघितलात का? सर माझ्याकडं बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते. मी म्हणाले, वेळ मिळाला नाही. परीक्षक म्हणाले, करा कधीतरी, खरा उपयोग तिथं आहे. मला पहिला वर्ग मिळाला. आभाराच्या पानावर आत्याचं नाव नाही. 'स्थानिक माहितगार' असं आहे. तेही मी मामा जाण्याआधीच टाइप करून घेतलं होतं.

आत्यानं औषध देणं बंद केलं. रविवारी लोक यायचे, ती दार लोटून घ्यायची. काही महिन्यांनी यायचे थांबले. कुणी म्हणे नवरा गेला म्हणून हात उतरला, कुणी म्हणे भाचीनं गुपित पुण्याला विकलं म्हणून गुण गेला. दुसरं बोलणं माझ्या आईच्या कानावर आलं तेव्हा तिनं भांडण काढलं. मी तिला थांबवलं. लोक चुकीचं कारण सांगत होते, पण बोट योग्य माणसाकडं होतं.

मी संशोधन सोडलं. लग्नानंतर बारामतीत औषधांचं दुकान काढलं, बाजारापासून जवळच. टीबीच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी थांबवून सांगायचे. जेवण जात नसेल, उलट्या होत असतील, डोळे पिवळे दिसले तर गोळ्या थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडं जा. झाडपाल्याचं घेऊ नका. एकेकाला दोन-दोनदा सांगायचे. मागं उभे असलेले लोक कंटाळून दुसऱ्या दुकानात जायचे. मला त्यात समाधान वाटायचं, खोटं कशाला सांगू. आपण काहीतरी फेडतो आहोत असं वाटायचं.

सांगवीची एक बाई होती, भाजीपाला करणाऱ्या घरातली, पस्तिशीची असेल. तिला मी असंच सगळं सांगितलं. तिनं मान हलवली. त्या आठवड्यात तिला लाल लघवी झाली, आणि माझ्या सगळ्या बोलण्यातलं रंग बदलला की थांबवा एवढंच तिच्या ध्यानात राहिलं होतं. घाबरून तिनं गोळ्या बंद केल्या. डॉक्टरकडं गेली नाही, कारण गोळ्या बंद केल्यावर लघवी परत नीट झाली आणि तिला वाटलं आपण वेळेवर सुटलो. पाच-सहा महिन्यांनी तिचा नवरा दुकानात आला. तिच्या खोकल्यातून रक्त पडत होतं.

"तुमीच म्हणला हुता थांबवा म्हणून," तो म्हणाला. भांडायला आला नव्हता. नवी चिठ्ठी घेऊन आला होता, मी गोळ्या काढून देत असताना सहज म्हणाला. ती बाई वाचली, पण शेतात काम करण्याजोगी राहिली नाही. डॉक्टरांनी मला निरोप पाठवला, आमच्या पेशंटना घाबरवू नका. ते माझ्या मामांचेच डॉक्टर होते. त्यांना मी आठवत नव्हते.

मामा जाऊन दहा वर्षं होत आली तेव्हा एकदा आत्या दुकानात आली. दादा रस्त्यापलीकडं गाडी लावत होता. तिला रक्तदाब निघाला होता. तिनं चिठ्ठी काउंटरवर ठेवली. केस पूर्ण पांढरे झाले होते. मी गोळ्या काढल्या.

"ह्यानं काय काय हुतं, समदं सांग," ती म्हणाली. "निम्मं नगं."

मी पाकिटातला घडीचा कागद उलगडला आणि त्यावरचं बारीक इंग्रजी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. चक्कर, पाय सुजणं, कोरडा खोकला, लाखात एखाद्याला होणारं ते सुद्धा. ती काउंटरला टेकून उभी राहून ऐकत होती. बसायला स्टूल दिलं तर बसली नाही. दोन-तीन गिऱ्हाईकं येऊन थांबली, मी त्यांच्याकडं बघितलं नाही. कागद संपल्यावर तिनं विचारलं, संपलं का? मी म्हणाले, संपलं. तिनं गोळ्या पिशवीत घातल्या आणि गाडी लावून आलेल्या दादाचा हात धरून पायऱ्या उतरली.

पुढच्या महिन्यात मी वाट बघितली. गोळ्या संपायची तारीख मला पाठ होती. ती आली नाही. इंदापुरातल्या एका दुकानातून गोळ्या आणते, असं दादा नंतर म्हणाला.